साहेबानं सांगितलं होतं

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तांदूळ निवडणं. सकाळचे नऊ वाजले असतील. प्रताप नगरातल्या बंगल्याच्या मागच्या पायरीवर ती सूप घेऊन बसली, मी परात घेऊन. बंगला कंपनीनं भाड्यानं घेतलेला. त्यात एक जपानी साहेब राहत होता, कळमेश्वरच्या कारखान्यात मशिना बसवाले आलेला. ती त्याचा स्वयंपाक करे, मी राखण करो आणि बगिचा पाहो. राहायला मागची एक खोली.

निवडता निवडता ती मले जपानी विचारत होती.

"जरा थांबा, असं कसं म्हणते?"

"मात्ते."

"नुसतं मात्ते घरच्याले म्हणते. साहेबाले 'चोत्तो मात्ते कुदासाई' म्हणा लागते. चौथी शिकले नं जी तुम्ही?"

"तू लय शिकली."

"मी अंगठेबहाद्दर. म्हणून तर ध्यानात राहते."

सूप घेऊन उठली अन् तिथंच दुमडली. मी रिक्षा आणली. दवाखान्यात तिले टेबलावर घेतलं, पण दुपारच्या आत ती गेली. आतलं काही फुटलं होतं म्हणे.

आम्ही जपानी कसं शिकलो ते सांगतो, कारण तिच्या मरणात ते आहे. तिच्या पोटात दुखते हे मले दोन महिने आधी कळलं होतं, आणि कळलं ते जपानीतून.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. मी मूळचा उमरेडचा, हातमागावर बसणारा. माग बंद पडला तेव्हा नागपुरात आलो. साहेबासोबत एक दुभाष्या होता, पण तो कारखान्यापुरता. जीपमध्ये बसून येई, फाटकाच्या आत पाय ठेवत नसे. घरात साहेब आणि आम्ही दोघं. त्याले आमचं कळत नव्हतं, आम्हाले त्याचं.

पहिली गडबड ताटावरून झाली. आमच्यात पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढायचं. पुरे असेल तर पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरावा. साहेबाची रीत वेगळी. वाढलेलं टाकणं म्हणजे रांधणारीचा अपमान. तो ताट साफ करे, ती पुन्हा भात टाके. तो पाणी पिऊन पुन्हा साफ करे, ती पुन्हा टाके. वरून मले म्हणे, "बापा! केवढा भुकेला माणूस हाय जी हा. याले घरी खाऊ घालते की नाही?"

चौथ्या दिवशी साहेब पलंगावर पोट धरून आडवा. "इताई, इताई." तिनं ओवा-हिंग दिला, गरम पाण्याची बाटली दिली. मग तो बोट दाखवून शिकवू लागला. दोको म्हणजे कुठं. कोको म्हणजे इथं. इताई म्हणजे दुखते. तो बरा झाल्यावर ताटावर हात आडवा धरायला शिकला, आणि आम्ही दुखणं सांगायला शिकलो.

बाकीचे शब्द असेच आले. नळ गेला त्या दिवशी मिझु, पाणी. इस्त्रीचा चटका बसला त्या दिवशी आत्सुई. मी वहीत लिहून ठेवत होतो आणि विसरत होतो. ती काहीच लिहीत नव्हती आणि साहेबासोबत हसून बोलत होती. मले थोडा रागही येत होता, खोटं कशाला सांगू.

पोळ्याच्या सुमाराले मी झाडाले आळं करून राहिलो होतो. साहेब आला, माझ्यासमोर उकिडवा बसला. "ओकुसान, इताई," म्हणाला. ओकुसान म्हणजे बायको. स्वतःच्या पोटाच्या उजव्या बाजूले हात लावून दाखवला. मग म्हणाला, "ब्योइन." हा शब्द मले नवा होता. पण त्यानं दंडात सुई टोचल्यासारखं करून दाखवलं. समजलं मले, दवाखाना. चांगलं समजलं.

संध्याकाळी मी तिले विचारलं, "साहेबाले सांगतं दुखते म्हणून, अन् मले काहून नाही?"

"त्यानं विचारलं. तुम्ही कधी विचारलं?"

"आता विचारून राहिलो नं."

"मग दायजोबु," ती म्हणाली. म्हणजे ठीक हाय. हसली. मीही हसलो.

मले तिले न्यायचं नव्हतं, हे खरं. कंपनीच्या माणसानं बजावलं होतं, बाईनं खाडे केले तर दुसरी आणू, खोली खाली करा. साहेब दिवाळीनंतर जाणार होता. मी म्हटलं, "साहेब गेला की दाखवू." ती म्हणाली, "हो." त्यानंतर साहेबानं मले आणखी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी वही पुढं केली, हा शब्द माझ्याजवळ नाही म्हणून हात हलवले. मोडक्या भाषेत माणसाले लपता येते.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "किती दिवसांपासून दुखत होतं?"

"आज सकाळपासून," मी म्हटलं. त्यानं तसं लिहून घेतलं.

दिवस मावळायच्या आत घाटावरचं आटोपलं. साहेब त्या दिवशी मशीन चालू करायची म्हणून कारखान्यातच मुक्कामाले होता. त्याले काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. साहेब उतरला, दारात जोडे काढता काढता रोजच्यासारखा ओरडला, "ओकुसान!" मी समोर गेलो. मग फाटकाशी जाऊन दुभाष्याले हात धरून आत आणलं.

"मी सांगतो ते जसंच्या तसं सांगजो."

"बोला काका."

"बायको काल मेली."

त्यानं सांगितलं. साहेब एक जोडा हातात घेऊन तसाच उभा.

"अन् हे सांग, की साहेबानं मले तीनदा सांगितलं होतं. मले समजलं होतं. मी नेलं नाही."

दुभाष्या माझ्याकडं पाहत राहिला. "काका, हे कशाला? गेल्या ते सांगितलं ना. साहेबांना उगाच वाईट वाटेल."

"सांग म्हणतो नं."

"पण याचा आता काय उपयोग?"

"तुले पगार सांगाचा भेटते, उपयोग पाहाचा नाही."

त्यानं सांगितलं. खाली पाहून, हळू आवाजात. साहेबानं जोडा खाली ठेवला. मले वाटलं, रागावते. रागावला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं माझ्याकडं पाहूनच काहीतरी विचारलं. एक शब्द कळला नाही मले.

"साहेब विचारतात," दुभाष्या म्हणाला, "तुम्हाला समजलं होतं, हे बाईंना माहीत होतं का?"

"हो," मी म्हटलं. "तिले माहीत होतं."

जपानीत ते सांगाले दुभाष्याले एका शब्दाएवढाच वेळ लागला.