टिटवाळ्याच्या तळ्यातला चार पायांचा राखणदार

पिंपातल्या वामेला चार पाय होते. काडेपेटीतल्या काडीएवढे. वाम म्हणजे सापासारखा मासा, त्याला पाय कुठले! आणि आमची पत्रकं छापून झालेली: ‘टिटवाळ्याच्या तळ्यात दुर्मिळ वाम! भराव थांबवा!’ दुसऱ्या दिवशी तहसीलदारसाहेबांपुढे सुनावणी.

मी तळी वाचवणाऱ्या एका संस्थेत फील्डवर्क करते. इथे टॉवर यायचा होता, म्हणून जितंजागतं तळं बिल्डरच्या कागदावर ‘खड्डा’ झालेलं. आठवडाभर मी पहाटे काठावर बसलेले. धुक्यात पाणी कुठे संपतं, आभाळ कुठे सुरू होतं, कळायचं नाही. मग हातभर लांब, काळंभोर काहीतरी संथ वर यायचं, एक श्वास घ्यायचं आणि कमळाच्या देठांत विरून जायचं. त्या भुलीतच पत्रक लिहिलं. जाळं नंतर टाकलं.

संस्थेच्या मॅडमना फोटो पाठवून फोन केला.

“ही वाम नाही,” त्या म्हणाल्या. “अँफियुमा आहे. बेडकाच्या नात्यातला सॅलमँडर. अमेरिकेच्या दलदलीत राहतो, पाणी आटलं की चिखलात बीळ करून पडून राहतो.”

“मग टिटवाळ्यात कसा?” मी विचारलं.

गावातले पद्माकरकाका शेजारीच उभे. “मी सोरला पान्यान,” ते म्हणाले. “आमचे तल्यान राखणदार वाम व्हती, ती मेली. पुतण्यानी कल्याणशी दुकानातून ही आणली. काली वाम म्हणून.”

“काका, हा आपले बेडूक-मासे खाईल!”

“मंग राखणदार काय उपाशी ऱ्हवल?”

मॅडम फोनवर कुजबुजल्या, “उद्या गप्प बस. कोणाला कळतंय?”

“मला कळलंय ना!”

सुनावणीत मी खरं ते सांगितलं. बिल्डरचा वकील हसला. “म्हणजे साहेब, तळ्यात स्वतःचं काहीच नाही.”

मागून काका उठले. “काय नसता तं राखणदार कशाला सोरला असता? रिकामे घराला कोन कुलूप लावतं?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तळ्याची पाहणी होईपर्यंत भराव बंद, असा आदेश निघाला. पाहणीत पाणकोंबडीची घरटी निघाली, शिंगाडे निघाले, चिखलात एक खरीखुरी वामही निघाली. बिनपायांची. ‘खड्डा’ हा शब्द खोडावा लागला.

अँफियुमा वनखात्यामार्फत प्राणिसंग्रहालयात गेला. मॅडम महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी आता फील्डनोट्स लिहिते. पहिल्या कागदावर एकच ओळ आहे: छापायच्या आधी पाय मोजणे.