सुतळीच्या मापाची पायरी

गंज नुसत्या पॉलिश पेपरनं जात नाही. आधी रॉकेलचा बोळा फिरवायचा, रात्रभर तसंच राहू द्यायचं, सकाळी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायचं आणि मग पेपर घ्यायचा. हे मला कुणी शिकवलं नाही, नखं गेली तेव्हा कळलं. आजही कुणी माझ्या नवऱ्याच्या हातच्या कलेचं कौतुक करायला लागलं, की मी माझ्या नखांकडे बघते आणि गप्प बसते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे ओळखीचे लोक सांगतील.

भद्रावतीला कारखान्याच्या वसाहतीत आमचं क्वार्टर होतं. नवरा कारखान्यात फिटर, मी घरी बायकांचे ब्लाउज शिवायची. गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. माझं माहेर त्या जिल्ह्यात, अहेरीला. बाप लहानपणीच गेलेला, माय एकटी राहायची. छप्पन साली चांद्याच्या मैदानावर तिनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा मी तिच्या कडेवर होते. काही वाट बैलगाडीनं, काही पायी, असं ते लोक गेले होते. त्यानंतर दर ऑक्टोबरात माय चांद्याला जायची. पांढरं लुगडं ती त्या एका दिवसासाठी जपून ठेवायची. मग एका उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचताना तिचा पाय खड्ड्यात गेला आणि खुबा मोडला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पाय वर उचलला जाईना, दुमडून बसवेना. एसटीची पायरी तिच्यासाठी संपली. चढवलंच कुणी उचलून, तरी त्या गर्दीत इतके तास बसणार कशी? तीन वर्षं ऑक्टोबरात ती घरीच राहिली. तक्रार केली नाही, पण त्या दिवसांत ती जेवायची नाही नीट.

अशात नवऱ्याला जीप दिसली. आलापल्लीकडच्या एका लाकडाच्या ठेकेदाराच्या आवारात ती पडून होती, कधीकाळी लष्करातून निघालेली. चाकं होती, पण टायर म्हणण्यासारखं काही नव्हतं. तळाचा पत्रा इतका खाल्लेला, की आत बसून खालची मुंगी मोजावी. ती ठेकेदाराची जागा अडवून बसली होती, म्हणून त्यानं भंगाराच्या भावात दिली. लाकडाच्या ट्रकला बांधून ती आमच्या अंगणात आली, तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, "हे काय आणलं भाऊनं, कोंबड्यांचं खुराडं?"

मीही हसले असते. पण नवरा म्हणाला, "मागून लांब बाक टाकतो. तुही माय झोपून येईन. ऑक्टोबरात चांद्याले नेऊ तिले." मग मी हसले नाही, पदर खोचला.

दोन वर्षं लागली. पैसा नव्हताच, होते ते हात. तळाला तेलाच्या जुन्या ड्रमचा पत्रा कापून ठोकला. नागपूरच्या भंगार बाजारातून नवरा रविवारी पिशवी भरून सामान आणायचा आणि त्यातलं अर्धं पुढच्या रविवारी परत करायला न्यायचा. इंजिन उघडलं तेव्हा व्हॉल्व्ह काळे पडलेले. ते घासायचं काम माझं. काठीच्या टोकाला रबराची वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, खाली घासायची पेस्ट लावायची आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची, ताक घुसळतो तशी. मग वर रॉकेल ओतून बघायचं. थेंब झिरपला तर पुन्हा घुसळायचं. नवरा ड्यूटीवरून येऊन विचारायचा, "झिरपते का?" मी म्हणायची, "तुमच्या डोक्यातून झिरपत असन, इथून नाई." तो खूष व्हायचा. त्या दोन वर्षांत आम्ही जेवढं बोललो, तेवढं नंतर कधी बोललो नाही. ते दिवस चांगले होते आणि ते खोटे होते असं म्हणणं मला अजून जड जातं.

छपराला ताडपत्री मी माझ्या मशिनवर शिवली. सुया इतक्या मोडल्या, की ब्लाउजवाल्या बायका ओरडायला लागल्या. बाकाच्या गादीत सावरीचा कापूस भरला. तो मायनं स्वतः वेचून, बिया काढून, अहेरीहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला होता.

आणि पायरी. जीप उंच, मागून चढायचं तर धडधाकट माणसालाही हिसका लागतो. मी अहेरीला गेले, मायला दाराची चौकट धरून उभं केलं आणि म्हटलं, "माय, दुखणार नाई इतकाच पाय वर कर." तिनं केला. मी तिच्या तळव्यापासून जमिनीपर्यंत सुतळी सोडली आणि तिथे गाठ मारली. त्या गाठीच्या मापानं नवऱ्यानं जीपच्या मागे लोखंडी पायरी जोडली, तिच्यावर तेवढ्याच उंचीवर दुसरी, आणि बाजूला धरायला नळी. त्यानं ते काम फार मनापासून केलं. वेल्डिंग झाल्यावर त्यानं स्वतः पाय लंगडा करून चढून बघितलं, एकदा उजवा, एकदा डावा. मी दारात बसून बघत होते आणि मला वाटलं, असा नवरा नशिबानं मिळतो.

पुढच्या वेळी गेले तर मायनं दारापुढे एक दगड आणून ठेवला होता, त्याच उंचीचा. रोज सकाळी चौकट धरून ती त्यावर चढायची आणि उतरायची. "सवय करून राह्यलो," म्हणाली.

त्या सप्टेंबरात जीपला रंग लागला. डासांचं औषध मारायच्या पंपानंच मारला आम्ही, एका बाजूला ओघळ आले, पण ती बाजू भिंतीकडे ठेवली की झालं. जीप सुरू होत होती, वसाहतीला फेरी मारून परत येत होती. मायला निरोप गेला, की यंदा तयार राहा.

नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, वरोऱ्याला राहायचे. सासरे लवकर गेले, तेव्हा त्यांनीच माझ्या नवऱ्याला वाढवलं, आयटीआयला घातलं. हे मला लग्नाच्या दिवसापासून ऐकवलं गेलं आहे आणि ते खरंही आहे. त्यांच्या मुलीचं लग्न ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठरलं. मुलगा कोळशाच्या खाणीत नोकरीला. भासरे स्वतः घरी आले, चहा घेतला, जीपभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर थापटलं आणि गेले. मला काही खटकलं नाही. नवी झालेली गाडी सगळेच थापटतात.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आले तर अंगणात फक्त तेलाचा डाग. नवरा म्हणाला, "भाऊनं नेली. पोरीची पाठवणी करायची हाय. उद्याच्याले परत आणतो आपण." मी म्हटलं, बरं झालं, नवरी बसून गेली तर गाडीला शोभाच येईल. असं म्हटलं मी. स्वतःच्या तोंडानं.

आमच्याकडे लग्नात आहेराचे पुकारे होतात. मंडपात लाउडस्पीकर लावलेला, एक माणूस माइक धरून, कुणी काय दिलं ते नावानिशी सांगत असतो. त्या दिवशी वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, मग एका पुढाऱ्यानं भाषण केलं, की आपल्या समाजात हुंडा नाही, आपण तो रस्ता मागे सोडला. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मग पुकारे सुरू झाले. अमक्याकडून अकरा रुपये. तमक्याकडून पाण्याचा स्टीलचा गुंड. मावशीकडून सहा ग्लास. मी बायकांमध्ये बसून भात खात होते.

"नवरीचे काकाजी, मुक्काम भद्रावती, यायच्याकडून जावयाले एक जीपगाडी."

माझा घास हातातच राहिला. मला आधी वाटलं दुसरे कुणी काकाजी असतील. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. शेजारची बाई म्हणाली, "मोठ्या मनाचा हाय वं तुहा नवरा." माइकवाल्याला ते इतकं आवडलं, की त्यानं तेच पुन्हा सांगितलं. हुंडा नाहीच म्हणे. आहेर होता.

मंडपाबाहेर जीप उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली, ओघळाची बाजू भिंतीकडे. म्हणजे ती बाजू कुठे लपवायची तेही नवऱ्यानं भावाला नीट सांगितलं होतं. पाठवणीच्या वेळी नवरी रडत रडत आली आणि मागून चढली. वीस वर्षांची पोर, तिला पायरीची गरज नव्हती, ती एका उडीत आत गेली. पायरीवर कुणीतरी नारळ फोडला. पोरीचा मला राग नाही, तिला काय माहीत. मी नवऱ्याला शोधत होते आणि तो मंडपाच्या पलीकडच्या टोकाला खुर्च्या गोळा करत होता. आयुष्यात कधी कुणाच्या लग्नात खुर्च्या गोळा न केलेला माणूस.

घरी आल्यावर मी विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

तो खाटेवर बसला होता. "भाऊनं मले वाढवलं. ते लोक अडून बसले व्हते, गाडी पाहिजेच म्हणत. कसा नाई म्हणू?"

"ते नाई इचारलं मी. मले काऊन नाई सांगतलं?"

तो म्हणाला, "तू हो म्हटलं नसतं."

हे मात्र खरं बोलला. मी त्या रात्री त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. दुसऱ्या दिवशी मी अहेरीची एसटी धरली. चांद्याचा दिवस जवळ आला होता आणि माय पांढरं लुगडं काढून वाट बघत असणार. हे तिला सांगायचं कसं, याच विचारात सगळा रस्ता गेला. गाडी बिघडली सांगू? लोक चोरून घेऊन गेले सांगू? जावयाचं नाव तिच्यासमोर खराब करायचं नाही, असंही मनात येत होतं. काय वेडी होते मी.

माय दारात बसली होती. दगड तिथे नव्हता. घरात शिरताना दिसला, पाण्याच्या रांजणाखाली टेकू म्हणून लावला होता. 

मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "बस. पाणी घे. मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"जवाईबापू येऊन गेले ना. मागच्या रविवारी. इचारलं मले. मी म्हटलं द्या. पोरीचं लगन मोडलं तं पाप लागन. माह्या चांद्याचं काय, पुढच्या साली पाहू."

मागच्या रविवारी तो नागपूरला गेला होता. हेडलाइटची काच आणायला. संध्याकाळी रिकाम्या हातानं आला आणि म्हणाला, नाही मिळाली. मी त्याला गरम पाणी काढून दिलं होतं.

"माय," मी म्हटलं, "तू मले निरोप काऊन नाई देल्ला?"

"तेच म्हणाले, तिले नका सांगू, रागावते. अन् खरंच रागावतं तू." ती माझ्या पाठीवर हात फिरवायला लागली. "जीप तं त्यायचीच व्हती ना, बाई. त्यायनं मले इचारलं हेच लय झालं."

नवऱ्याचं मी समजू शकले असते. भावाच्या उपकाराखाली दबलेला, नाही म्हणता न येणारा माणूस, असे पुष्कळ असतात. पण मायचा तो 'इचारलं' शब्द मला आरपार लागला. व्याह्यांनी भासऱ्यांना विचारलं, भासऱ्यांनी नवऱ्याला विचारलं, नवऱ्यानं मायलासुद्धा विचारलं, अहेरीपर्यंत येऊन, खोटं बोलून, हातचा रविवार घालवून. व्हॉल्व्ह कुणी घासले त्या बाईला विचारायचं कुणाच्या मनातच आलं नाही. आणि जिच्यासाठी घासले, तिच्याही नाही. मी तिचा हात पाठीवरून काढला. तिला वाटलं मला उकडतंय, ती वारा घालायला सूप शोधू लागली.

त्या ऑक्टोबरात मायनं घरीच पांढरं लुगडं नेसून मेणबत्ती लावली. मी तिच्याजवळ बसले होते, पण फार बोलले नाही. डिसेंबरात माय गेली. खुब्यानं नाही, तापानं. चांदा तिनं पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्यानं आणखी एक जीप ओढून आणली. पहिलीपेक्षा बरी होती, तळाचा पत्रा शाबूत होता. ट्रकवाल्याला पाठवून तो आत आला, हात धुतले, आणि रॉकेलचा डबा नि पॉलिश पेपर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवले, पहिल्यासारखेच. मी भाकरी थापत होते.

"ही पक्की तुही," तो म्हणाला. "कोणाले देणार नाई. चाल, लागू कामाले."

मी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"मायले इचारलं का?" मी म्हटलं.

 तो डबा आणि पेपर उचलून अंगणात गेला. तीन-चार रविवार त्यानं एकट्यानं खरवडलं. आम्ही क्वार्टर सोडलं तेव्हाही ती जीप तिथेच होती, पुढच्या मडगार्डवरचा हातभर गंज तेवढा निघालेला.