अण्णांच्या गाडीची चकती

हे मी आजवर कुणाला बोलले न्हाई. आईला न्हाई, नवऱ्याला तर न्हाईच. तुमाला सांगते — तुमी काय आमच्या कराडात येऊन बोभाटा करणार हाय व्हय?

आमच्या ह्यांचं ट्रॅक्टरचं डिझेल पंप दुरुस्त करायचं दुकान हाय, हायवेला लागून. खाली दुकान, वर आमी. तितं ही गाडी आली — सांगलीच्या अण्णांची. अण्णा बेदाण्याचे व्यापारी. गाडी जुनी, परदेशी, लाल, आन इतकी बुटकी की आत बसायचं म्हंजे झोपायचंच. जुन्या गाड्यांची शर्यत असती म्हणं कोइमतूरला, तितं पळवायची व्हती. इंजिनात पेट्रोल मारायला तिला पंप हाय, आन तो आतनं पार ट्रॅक्टरच्या पंपावाणी. म्हणून पुण्याचे मेस्त्री सोडून अण्णा आमच्या दारात.

ह्यांनी मागचं शीट काढलं, गालिचा काढला, वजन कमी केलं. आन शर्यतीला पेट्रोल जादा लागतंय, म्हणून पंपातल्या सहा चकत्या — शर्टाच्या बटणाएवढ्या, पोलादी — हातानं घासून नव्या केल्या. घासायची, मापायची, परत घासायची. जेवताना बी ध्यान तिकडंच. माझ्याकडं तरी एवढं बघितलंय का कवा?

पंपाच्या खोलीत धूळ चालत न्हाई, म्हणून तितं एसी. सगळ्या घरात तेवढाच एक. आन तितं जायचं न्हाई, पोरीला घेऊन तर न्हाईच — हे ह्यांनी मला अण्णांच्या देखत बजावलेलं. पर ऊन असलं! परी धा म्हैन्यांची, अंगभर घामोळं, रडून रडून लाल झालेली. हे सांगलीला गेलेले. तुमी काय केलं असतं? — न्हाई, ऱ्हाऊ द्या. म्या काय केलं ते सांगते.

तिला खोलीत नेलं, टेबलाशेजारी चादर टाकली. गार वाऱ्यात माझाच डोळा लागला. जाग आली तवा परी टेबलाला धरून उभी — पहिल्यांदा उभी ऱ्हायली पोरगी, आन ती बी तितं! — आन तोंड हलतंय. ताटलीत चकत्या पाच. बोट घालूस्तवर गिळली.

आता कुणीबी आई काय करंल? दवाखाना आमच्या चौकातच हाय. म्या पोरीला उचललं, चादर उचलली, दार लावलं — आन वर येऊन तिला केळं चारलं. माझं पाप हेच, चकती न्हाई. पोरीच्या पोटात पोलाद, आन मला भ्या कशाचं, तर नवरा काय म्हणंल. हात उचलणारा न्हाई हो तो. नुसता गप बसतो, जेवत न्हाई. तेवढ्याला भ्याले मी.

सांजच्याला हे आले, ताटली बघितली, आन खालनंच वरडले, "आये! आत फडकं कुणी मारलं?"

आत्या — म्हंजे माझी सासू — म्हणली, "म्याच की. पर सकाळी. तवा समद्या व्हत्या."

"मोजल्यास?"

"...न्हाई रं."

"झालं! फडकं झटकलंस उकिरड्यावर, गेली ती! सोमवारी ट्रक येतोय गाडी न्यायला, नवी घासायला येळ कुठाय? अण्णाला काय तुझं फडकं देऊ?"

मी तितंच, पोरीला कडेवर घेऊन. तोंड उघडलं बी व्हतं. भायेर काय आलं? "च्या ठेवू का?"

दोन दिस आत्या परड्यातला उकिरडा चाळत बसली, गव्हाच्या चाळणीनं. साठीची बाई, भर उन्हात. आन मी आत परीचं लंगोट चाळत. एका घरात दोघी एकच चकती हुडकत व्हतो — मला ठावं व्हतं कुठं हाय, तिला न्हाई.

मग एका सकाळी चकती माझ्याकडं, लंगोटात निघाली. देवा! साबणानं घासली, पेट्रोलनं धुतली, चकचकीत. खरं बोलायची हीच येळ व्हती, व्हय का न्हाई? आत्या पाणी प्यायला उठली, तवा म्या ती गुपचूप चाळणीत टाकली.

ती आली, बघितलं, आन रडायलाच लागली. चकती पदरानं पुसली, कपाळाला लावली, देवाम्होरं ठेवून हळदकुंकू वाहिलं. मग ह्यांच्या हातात दिली — "घे बाबा, म्याच टाकलेली." ह्यांनी मापलं. केसभर फरक न्हाई. "पोलाद बघा कसलं हाय," म्हणले, "उकिरड्यात ऱ्हाऊन बी ढिम्म!" मला हसू आवरंना, तोंडात पदर कोंबला.

गाडी पळाली, लय पळाली, दुसरी आली. अण्णांनी बेदाण्याची पेटी धाडली.

पर आत्या त्या दिसापास्नं पंपाच्या खोलीत पाय टाकत न्हाई. तांदूळ निवडलं तरी परत मला बघायला लावती. "नजर गेली गं माझी, ध्यान ऱ्हात न्हाई" — भेटंल त्याला सांगती. परी आता चालती. हात पसरून पयली तिच्याकडंच पळती. आत्या मांडीवर घेती, मुका घेती, आन जराशानं माघारी माझ्याकडं देती.

"तुझ्यापाशीच असू दे बाई," म्हणती. "तुझं ध्यान असतंय."

आन मी घेते.