माझं गाणं बांधीत उतरलं तेव्हा

माझं पहिलं गाणं हिंदीत होतं. गोंदियात वाढलेल्या मुलीला लिहायला बसलं की आधी हिंदीच सुचते, आणि लग्नांच्या ऑर्केस्ट्रात मी कित्येक वर्षं हिंदीच गात होते.

दुसरं गाणं मात्र मोठ्या आईकडून आलं. मोठी आई म्हणजे वडिलांची थोरली वहिनी. इटियाडोह धरणाच्या कालव्यालगत तिची धानाची शेती. लहानपणी वडील रोवण्याच्या दिवसांत आम्हाला तिकडे न्यायचे. पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, लावताना बाया जी चाल गात, तीच मी घेतली, शब्द माझे घातले. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या एका संगीतकाराने त्यात ढोलक आणि कीबोर्ड ठासून भरला. गाणं फोनाफोनांवर फिरलं, वरातीत वाजू लागलं.

मी खुशीत मोठ्या आईकडे गेले. ती आणि चार बाया बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी करत होत्या. कडेच्या धुऱ्यावर, बांधावर बसून मी फोनवर गाणं लावलं. बाया हसल्या आणि गाण्याबरोबर रोवू लागल्या. दुसऱ्या कडव्याला रांग वाकडी झाली. एक जण कंबर धरून उभीच राहिली.

"बंद कर वो ते," मोठी आई म्हणाली.

"काऊन? आवडलं नाही?"

"गानं बेस हाय. पन तू कायले एवढी धावून रायली? आमी दम कवा घ्याचा?"

"हे नाचायसाठी हाय, मोठ्याई. रोवायसाठी नाही."

"मंग आमची चाल कायले घेतली?"

मला राग आला. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले.

बाया गाताना ओळीच्या मध्ये थांबत, ते मी इतकी वर्षं थकवा समजत होते. पण तिथे हात चिखलात जातो, आणि रोप रुतेपर्यंत तोंड आपोआप मिटतं. नेमकी तीच जागा आम्ही ढोलकाने बुजवली होती.

मी त्या जागा मोकळ्या ठेवून गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. संगीतकार कुरकुरला, "यहाँ तो एकदम खाली लग रहा है, दीदी." मी म्हटलं, "रहने दो."

हे नवं गाणं वरातीत कोणी वाजवत नाही. तिथे अजून जुनंच चालतं, आणि मला कार्यक्रमही त्याच्यामुळेच मिळतात. देवरी गावच्या कार्यक्रमात मी नवं पहिल्यांदा स्टेजवर गायले. पहिल्या थांब्यालाच लोकांनी गाणं संपलं समजून टाळ्या वाजवल्या. तरी मी घाई न करता पुढची ओळ उचलली. दुसऱ्या थांब्याला कोणी टाळी वाजवली नाही. तेवढी शांतता मला ऑर्केस्ट्रात कधी मिळाली नव्हती.

मोठ्या आईने नवं गाणं फोनवर ऐकून मान हलवली. "निंदनाची चाल येगळी रायते," ती म्हणाली. "शिकाची असंल तं निंदनाले ये. बसून नाही सांगनार."

मी तण काढायला गेले. ती चाल अजून मला नीट जमलेली नाही.