बेगमचे मामू

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, दुधात पाणी न घालणारा एक गवळी मुकुंदवाडीत होऊन गेला. पुरावा मागू नये. मी ते दूध प्यायलो आहे.

गल्ली त्यांना मामू म्हणायची. त्यांची म्हैस म्हणजे बेगम, आणि बाकीचं जग बेगमच्या नोकरीत. दूध कमी पडलं की मामू दारात उभं राहून जाहीर करत, "आज बेगमचा मूड नाय, वैनी. काळा चहा प्या, लई भारी लागतो." आई भांडायची, मामू हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी मापावर आणखी एक धार ओतायचे.

मी कॉलेजात असताना एका सकाळी बेगम लाळ गाळू लागली. घास गिळेना, घोगरं हंबरू लागली. घशात मक्याचं कणीस अडकलं असणार, हे गवळ्याचं पिढीजात निदान. मामूंनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. सापडलं काहीच नाही. कडबा तोडून चिरलेली बोटं तेवढी लाळेनं माखून बाहेर आली.

बेगम गेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पिसाळलेलं कुत्रं चावलं असावं.

झालं! आता गल्लीच हंबरू लागली. मामूंनी टेम्पो आणून सगळ्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. शेजारचे पाटीलकाका बाही गुंडाळून रांगेत पहिले.

"उकळलेल्या दुधानं काही होत नाही," डॉक्टर ओरडले. "चावली कुणाला?"

"कुणालाच नाय! पण टोचा!"

आई मामूंना म्हणाली, "तुम्ही पण घ्या. हात घातला होता ना तोंडात?"

"मला कुठं चावली, वैनी? बेगमनं जिंदगीत लाथ नाय मारली मला. अन् दवा कमी पडली तर? दूध माझं होतं. पहले बच्चे." आणि टेम्पोवाल्याला थोपवायला ते बाहेर गेले.

दोनेक महिन्यांनी मामूंच्या त्याच हाताला मुंग्या येऊ लागल्या. मग घोट उतरेना. मुलीनं पाण्याचा पेला पुढं केला, तर अंग चोरून भिंतीला टेकले आणि ओशाळून म्हणाले, "हसू नको बेटी, मेरेकू पानी का डर लगरा."

डॉक्टरांनी या वेळी सुई काढलीच नाही. वेळ निघून गेली होती.

कब्रस्तानात अख्खी गल्ली होती, टोचून घेतलेली, धडधाकट. मूठमूठ माती टाकून झाली. कुणी निघेना. आणि पाटीलकाका एकदम मोठ्यानं बोलून गेले, "अरे मामू, आम्ही तर नुसता चहा पिलो होतो रे!"