देवाची फुलं आणि आजोबांचं नाक

देवाला वाहायच्या फुलांचा वास घ्यायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. त्यामुळे नव्वदच्या दशकात तुमच्या आजोबांना वास येईनासा झाला, तेव्हा ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. उलट बंगळुरातल्या चिकपेट बाजारातून येताना ते मोगऱ्याची पुडी नाकाजवळही नेत नाहीत, याचं माझ्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या पणजीला, कोण कौतुक!

मग एक नाकपुडी बंद झाली, मधूनच रक्त येऊ लागलं. बंगळुरात तेव्हा प्रत्येक शिंकेचा दोष काँग्रेस गवताच्या परागांना जाई. आम्हीही महिनोन्‌महिने ॲलर्जीच्या गोळ्या आणल्या. शेवटी नाकाच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून विचारलं, "वास कधीपासून येत नाही?"

"लहानपणापासून घेतच नाही तो," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "मीच शिकवलंय."

"अम्मा, घेत नाहीत ते सरी, ठीक आहे. पण येतो का?"

"नाही येत," आजोबा म्हणाले. "मला वाटलं, सवय झाली."

नाकातला छोटा तुकडा काढून तपासला, स्कॅन झालं. वासाच्या मज्जातंतूपाशी कर्करोगाची गाठ होती. "फार दुर्मीळ," डॉक्टर म्हणाले, तेव्हा आजोबा क्षणभर सुखावल्यासारखे दिसले. गाठीच्या एका बाजूला डोळा, वर मेंदू. नाकाचे आणि मेंदूचे सर्जन मिळून ती काढणार, मग किरणोपचार.

"वास मात्र परत येणार नाही," सर्जन म्हणाले.

"वास तुम्हीच ठेवा, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "मुलगा तेवढा परत द्या."

त्यांनी दिला. पुढे करपलेलं दूधही आजोबा मिटक्या मारत प्यायचे आणि मला सुगरण म्हणायचे.