भाभीच्या डोळ्यांचं औषध

बजाजनगरच्या मागच्या रस्त्यावर गाद्या-रजयांचं एक दुकान आहे. दुकान चांदपाशाच्या नावावर असलं, तरी गिऱ्हाईक विचारतं ते त्याच्या बायकोला, जहांआराला. गादीत कापूस किती भरायचा यावरून तिच्याशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. अंगानं किरकोळ, आवाजानं दणकट. मऊ बोलणं तिला कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनं त्यासाठी कधी जीवही टाकला नाही.

हिवाळा आला की रजयांचं काम वाढतं आणि तिचे डोळे पेटतात. पिंजायचं मशीन सुरू झालं की धूळ उडते, खाज सुटते, पाणी वाहतं. घरच्यांनी एका सुरात निकाल दिला, काम सोड. तिनं काम सोडलं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. मनस्विनी मॅडमनी तपासून अ‍ॅलर्जीचे थेंब लिहून दिले. हात धुवायचे, खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, डोळे चोळायचे तर मुळीच नाहीत. बाटली उघडल्याची तारीख वर लिहायची आणि महिन्याभरानं उरलं असलं तरी फेकून द्यायची. "आणि हे खाजेचं औषध आहे, तेही फक्त तुमच्यासाठी," मॅडम म्हणाल्या. "डोळा दुखला, उजेड सहन झाला नाही किंवा अंधुक दिसायला लागलं, तर थेंब टाकत बसू नका. सरळ इकडं या."

जहांआरानं ते सगळं जसंच्या तसं केलं. मशीनपाशी चष्मा लावायला लागली, चार लोक हसले तेव्हा त्यांना हसू दिलं. डोळे निवले.

घोळ झाला तो घरात. सासूबाईंची एक पितळी सुरमादानी होती. जुम्म्याची अंघोळ झाली की तिची एकच सळई घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांतून फिरायची. डोळ्याची चीज घरच्या सगळ्यांची, असा त्या घरचा रिवाज. थेंबांची बाटली त्याच फळीवर आली, मग तीही सगळ्यांची झाली. सासूबाई टाकायच्या, नणंद टाकायची, आलेली पाहुणी टाकायची, आणि सगळ्या जणी सुरम्याच्या सळईसारखं टोक डोळ्याला टेकवून टाकायच्या. जहांआराला कळलं तसं तिनं ती बाटली कचऱ्यात फेकली आणि नवी आणून पेटीत कुलूप लावून ठेवली.

"डोळ्याच्या औषधाला कुलूप? लई मोठी झालीस गं," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय, झाले," जहांआरा म्हणाली.

मग काय, घरात अबोला. बाटलीभर औषधासाठी माणसं तोडणारी सून म्हणून तिचं नाव नातेवाइकांत फिरलं. सासूबाईंनी मात्र कचऱ्यातली बाटली हळूच उचलून, पदरानं पुसून पुन्हा फळीवर, सुरमादानीच्या मागं ठेवली होती. भरलेलं औषध फेकायचं, हे त्यांच्या जिवाला पटेना. जहांआराला याचा पत्ताच नव्हता.

धाकटा दीर फरदीन शेंद्र्याच्या एका कारखान्यात लोखंड घासायच्या कामाला होता. त्याचा निकाह ठरला. हळदीच्या दिवशी तो पिवळाधमक होऊन पाटावर बसला होता, बायका गाणी म्हणत होत्या. जहांआरा वाटी घेऊन हळद लावायला वाकली, तर पोरगा खिडकीकडं पाठ करून बसलेला आणि त्याचा एक डोळा लालबुंद, अर्धा मिटलेला.

"काय झालं रे डोळ्याला?"

"काय नाय भाभी. कामावर कायतरी उडालं. अम्मा रोज तुझं औषध टाकतीय."

"माझं औषध? कुठलं?" तिनं फळीकडं पाहिलं, सुरमादानीमागं जुनी बाटली दिसली आणि तिला सगळं कळलं. "खाजतंय का दुखतंय?"

"दुखतंय."

"खिडकीकडं बघ बरं."

त्यानं मान वळवली आणि झटक्यात हातानं डोळा झाकला. जहांआरानं वाटी खाली ठेवली. "ऊठ, दवाखान्यात चल." गाणी थांबली.

सासूबाई दारात आडव्या झाल्या. "हळद लागलेला पोरगा निकाहापर्यंत उंबरा ओलांडत नाय. उद्या निकाह हाय. मग न्या कुठं न्यायचं तिथं."

"अम्मा, उद्यापर्यंत डोळा थांबायचा नाय."

"बाहेर नजर लागली, काय बरंवाईट झालं, तर कोण जबाबदार?"

"मी. सगळं माझ्या डोक्यावर." तिनं फळीवरची बाटली उचलली, फरदीनचं मनगट धरलं आणि सासूच्या बाजूनं वाट काढत त्याला बाहेर नेलं. चांदपाशानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा बायकोकडं, आणि कुणाची बाजू घ्यायची हे न सांगता रिक्षा बोलवायला गेला. त्या घरात शहाणपणा असाच चालतो.

दवाखान्यातली माणसं हळदीच्या नवरदेवाकडं टकामका बघत राहिली. मॅडमनी यंत्रातून पाहिलं. बुबुळात लोखंडाचा कण रुतला होता आणि भोवती जखम चिघळायला लागली होती. त्यांनी डोळा बधिर करून कण काढला, बाटली कुणाकुणाच्या डोळ्याला लागलीय ते जहांआराकडून ऐकलं आणि ती कचऱ्यात टाकली. "खाजेच्या औषधानं कण निघत नसतो. त्यात ही उष्टी बाटली. अजून दोन दिवस गेले असते, तर डोळ्याची खात्री मी दिली नसती." दुसरे थेंब लिहून दिले, काळा चष्मा लावायला सांगितला. डोळ्यात दुसरं काहीही घालायचं नाही, आणि उद्या पुन्हा दाखवायचं.

बाहेर आल्यावर जहांआराला रडू फुटलं. आपण रडतोय याचा तिला इतका राग आला, की तिनं फरदीनलाच चांगलं झापलं.

दुसऱ्या दिवशी दाखवून आले, डोळा सुधारत होता. नवरदेव सजला. निघायच्या वेळी सासूबाईंनी सुरमादानी पुढं केली. नवरदेवाच्या डोळ्यात सुरमा घालायचा मान भाभीचा. सगळं घर बघत होतं.

"नाय घालणार," जहांआरा म्हणाली.

"बिनसुरम्याचा नवरा? लोक काय म्हणतील?"

"मान माझा हाय ना अम्मा? मग मी घालत नाय, आणि माझ्या मानात दुसऱ्या कुणाला हात घालू देत नाय. लोकांना माझ्याकडं पाठवा."

सासूबाई पुढं आल्या, त्यांनी पोराचा काळा चष्मा काढला आणि हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं.

"दिसतंय का रे बेटा?"

फरदीननं चांगला डोळा तळहातानं झाकला.

"तुझ्या नाकातली चमकी दिसतीय, अम्मा."

सासूबाईंनी सुरमादानीचं झाकण लावलं आणि ती जहांआराच्या हातात दिली. "ठेव तुझ्या पेटीत," त्या म्हणाल्या. "कुलूप लाव."